नाक कपाळावर आणि कान जबड्यात: डॉल्फिनची कवटी कशी वाचावी

पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावर समुद्र बरेच काही आणून टाकतो. झाडांचे ओंडके, जाळ्यांचे गुंते, चपला आणि बाटल्या यांच्यामध्ये क्वचित एखादा मेलेला डॉल्फिनही असतो. त्याचे मांस झडून गेल्यावर उरलेली कवटी काही काळाने वाळूतून वर येते आणि ती प्रथमच पाहणाऱ्याला सहसा ओळखता येत नाही. जिवंत डॉल्फिनचा चेहरा फुगीर कपाळाचा आणि हसतमुख वाटतो, परंतु ते कपाळ चरबीचे आणि ते हसू ओठांच्या ठेवणीचे असल्यामुळे हाडांत दोहोंचाही मागमूस राहत नाही. लांब चोच पाहून कोणी तिला मोठ्या पक्ष्याची कवटी समजतो, तर ओळीने बसलेले टोकदार दात पाहून कोणी मगरीची. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत हे गोव्यात सर्वांना ठाऊक असल्यामुळे हा दुसरा तर्क अगदीच अवाजवी म्हणता येत नाही.

म्हणून आरंभ ओळखीपासूनच करू. ज्या घरात बांगड्याची आमटी होते त्या घरातल्या प्रत्येकाने माशाच्या डोक्याची रचना नकळत अभ्यासलेली असते. शिजलेले डोके बोटांनी दाबले की त्याचे कितीतरी पातळ तुकडे सुटे होतात, कारण माशाची कवटी पुष्कळ हाडांची, सैल जोडणीची असते. सस्तन प्राण्याच्या मेंदूभोवतीची हाडे मात्र वयाबरोबर एकमेकांत घट्ट बसत जातात आणि कवटी एकसंध पेटीसारखी होते. मगरीची कवटीही भक्कम असते, तेव्हा तिच्यासाठी वेगळ्या खुणा पाहाव्या लागतात. कवटी उलटी करून मानेच्या बाजूचे मोठे छिद्र पाहिले, तर सस्तन प्राण्यात त्याच्या दोन्ही अंगांना एकेक गुळगुळीत उंचवटा दिसतो. मगरीत आणि पक्ष्यात असा उंचवटा एकच असतो. खालच्या जबड्याची प्रत्येक बाजू सस्तन प्राण्यात एकाच हाडाची असते, तर मगरीत ती अनेक हाडांची असून त्यांच्यामधले सांधे स्पष्ट दिसतात. या दोन खुणा जुळल्या की हाड सस्तन प्राण्याचे, याविषयी शंका उरत नाही. तिसरी खूण नाकाची. मगरीच्या नाकपुड्या तोंडाच्या अगदी टोकाला असतात. डॉल्फिनच्या चोचीच्या टोकाला मात्र छिद्रच नसते. ते शोधत मागे गेले, की डोळ्यांच्या खोबणींच्या पातळीवर, मेंदूच्या पेटीला जवळजवळ टेकलेली दोन उभी भोके सापडतात. जिवंतपणी त्यांच्यावर त्वचेत एकच श्वासरंध्र असते, हाडात मात्र जोडी कायम राहते.

या कवटीतले पुढचे जवळपास सगळे नवल नाक असे मागे गेल्यामुळे घडले आहे, त्यामुळे ते कसे गेले हे नीट समजून घेणे आवश्यक आहे. कुत्र्याच्या कवटीवर पुढून मागे बोट फिरवले तर प्रथम नाक व वरचा जबडा, मग कपाळाचे हाड, मग मेंदूवरचे छत आणि शेवटी मानेकडचे हाड असा सरळ क्रम लागतो. डॉल्फिनमध्ये वरच्या जबड्याची हाडे इतकी मागे पसरली आहेत की ती कपाळाच्या हाडावर चढली आहेत. मंगळुरी कौलांच्या छपरात वरच्या रांगेतले कौल खालच्या रांगेतल्या कौलाला झाकते त्याप्रमाणे येथे एक हाड दुसऱ्यावर पसरलेले असते, आणि वरून पाहिले तर कपाळाच्या हाडाची केवळ एक अरुंद पट्टी उघडी राहते. पाठीमागून मानेकडचे हाड वर चढत आलेले असते. माणसाच्या डोक्यावर विस्तीर्ण छत बनवणारी हाडे या दोहोंच्या कचाट्यात सापडून बाजूंना ढकलली जातात. नाकाचा बांधा बनवणारी हाडे तर दोन छोट्या गाठींएवढी उरतात. गेरिट मिलर या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये या रचनेचे सविस्तर वर्णन केले आणि नळ्या एकमेकींत सरकवून मिटता येणाऱ्या दुर्बिणीवरून तिला नाव दिले. पाण्याबाहेर डोके फारसे न काढता श्वास घेता यावा, हा या बदलाचा सर्वांत उघड लाभ होय. डॉल्फिनच्या गर्भात नाकपुड्या आरंभी इतर प्राण्यांप्रमाणे पुढेच असतात आणि वाढ होताना त्या वर सरकतात, हे पाहिले म्हणजे लक्षावधी वर्षांचा प्रवास काही आठवड्यांत पुन्हा घडताना दिसतो.

आता कवटी समोरून पाहावी. चोचीच्या मुळाशी हाड वाटीसारखे खोलगट दिसते. या खळग्यात जिवंतपणी चरबीचा मोठा गोळा बसलेला असतो. डॉल्फिनचे फुगीर कपाळ ते हेच. डॉल्फिनचा आवाज आपल्यासारखा कंठातून निघत नाही. श्वासरंध्राच्या खाली, नाकाच्या मार्गात ऊतींच्या दोन जोड्या असतात आणि त्यांच्यामधून हवा दाबाने जाताना त्या एकमेकींवर आपटून टिकटिक असा ध्वनी निर्माण होतो. ही हवा बाहेर न सोडता आसपासच्या पिशव्यांत साठवून पुन्हा वापरता येते, म्हणून पाण्याखाली बुडबुडा न सोडताही आवाज करता येतो. निघालेला ध्वनी मागच्या हाडाच्या व हवेच्या पिशव्यांच्या भिंतीवरून परतून पुढच्या चरबीत शिरतो आणि तेथून एकवटून झोतासारखा बाहेर पडतो. टॉर्चच्या दिव्यामागे चकचकीत वाटी आणि पुढे भिंग असते तसाच हा प्रकार आहे. मांडवीच्या मुखाशी, जेथे पावसाळ्याच्या गढूळ पाण्यात स्वतःचा हातही दिसत नाही, तेथे डॉल्फिन शेवटे या माशांचा माग काढू शकतो तो या झोताच्या प्रतिध्वनीवरून.

हा खळगा पाहताना आणखी एक गोष्ट खटकते आणि ती पाहून अनेकांना कवटी दबून वाकडी झाली असावी असे वाटते. नाकाची दोन भोके मध्यरेषेवर नसून किंचित डावीकडे झुकलेली असतात आणि उजव्या बाजूची हाडे डाव्यापेक्षा रुंद असतात. हा दोष नसून डॉल्फिनचा जन्मजात स्वभाव आहे. टिकटिक करणाऱ्या दोन जोड्यांपैकी उजवी जोडी मोठी असते आणि शिकारीचे ध्वनी प्रामुख्याने तीच काढते, त्यामुळे उजवीकडच्या हाडांना जागा अधिक लागली, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. भक्ष्य सबंध गिळता यावे म्हणून स्वरयंत्राची नळी एका बाजूला सरकली आणि कवटी तिच्यामागून गेली, असे दुसरे मत आहे. मला पहिले अधिक पटते. डॉल्फिनही ज्यांत मोडतो त्या दात असलेल्या देवमाशांत ज्याचे ध्वनियंत्र सर्वांत अवाढव्य, त्या स्पर्म व्हेलची कवटी सर्वांत वाकडी असावी, हा योगायोग वाटत नाही. स्पर्म व्हेलमध्ये श्वास मुख्यतः डाव्या नाकमार्गाने जातो आणि उजवा मार्ग ध्वनीच्या कामाला जुंपलेला असतो.

ध्वनी पाठवण्याची सोय अशी नाकात झाली, पण तो ऐकण्याची सोय आणखी अनपेक्षित ठिकाणी झाली आहे. डॉल्फिनला बाहेरून दिसणारा कान नाही. डोळ्यामागे टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असते आणि त्याच्या आतली वाट जवळजवळ बंद असते. खालचा जबडा हाती घेऊन मागच्या भागात आतून पाहिले तर तो पोकळ दिसतो आणि बाहेरची भिंत इतकी पातळ असते की उन्हाकडे धरल्यास प्रकाश तिच्यातून झिरपतो. दात बसवण्याचे काम करणाऱ्या हाडाला मागच्या टोकाशी इतके नाजूक होण्याचे कारण काय, या प्रश्नाचे उत्तर केनेथ नॉरिस या अमेरिकी संशोधकाने १९६४ मध्ये मांडले. त्यांच्या मते पाण्यातून येणारा ध्वनी या पातळ भिंतीतून आत शिरतो आणि जबड्याच्या पोकळीतल्या चरबीच्या पट्ट्यातून थेट कानाच्या हाडापर्यंत पोहोचतो. पुढच्या प्रयोगांनी या मताला बळकटी दिली. थोडक्यात, डॉल्फिन जबड्याने ऐकतो.

कानाचे हाडही निराळे आहे. पाण्यात ध्वनी हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने, सेकंदाला सुमारे १५०० मीटर, जातो आणि डोक्याच्या हाडांतून सहज पार होतो. माणूस पाण्यात बुडी मारून आवाज ऐकतो तेव्हा तो कोणत्या दिशेने आला हे त्याला कळत नाही, कारण संपूर्ण कवटी एकदम थरथरते आणि दोन्ही कानांना जवळजवळ एकाच वेळी वर्दी मिळते. दिशा कळण्यासाठी दोन्ही कान कवटीपासून अलग असले पाहिजेत. डॉल्फिनमध्ये नेमके तेच झाले आहे. त्याची कर्णास्थी कवटीला सांधलेली नसून हवेने व फेसाळ द्रवाने भरलेल्या पोकळीत केवळ स्नायुबंधांनी टांगलेली असते. म्हणूनच मांस कुजल्यावर ती सर्वांत आधी गळून पडते आणि किनाऱ्यावरच्या बहुतेक कवट्यांत तिची जागा रिकामी आढळते. ती शरीरातल्या सर्वांत घट्ट हाडांपैकी एक असते आणि हातात घेतल्यावर कवडीच्या आकाराचा जड दगड वाटते. घट्टपणामुळे ती टिकतेही फार. १८७२ ते १८७६ या काळात जगभर समुद्रशोध करणाऱ्या ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने प्रशांत महासागराच्या खोल तळातून गाळ उपसला, तेव्हा त्यात देवमाशांच्या बाकीच्या हाडांचा पत्ता नसतानाही कर्णास्थी मात्र विपुल सापडल्या.

दातांकडे वळताना स्वतःच्या तोंडातून जीभ फिरवावी. पुढे पटाशीचे दात, मग सुळा, मग उपदाढा आणि शेवटी दाढा. कापणे, धरणे, दळणे अशी प्रत्येकाची वेगळी जबाबदारी. डॉल्फिनच्या जबड्यात ही वाटणी नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारे दात एकाच घडणीचे, एकाच मुळाचे, आणि वरखालचे दात एकमेकांच्या फटींत बसणारे. चावण्याचे कामच नसल्यामुळे दाढा नाहीत, जबडा आडवा हलवणारे बळकट स्नायू नाहीत आणि ते स्नायू जेथे चिकटावेत ते हाडाचे उंचवटेही बोथट झालेले आहेत. मासा पकडायचा, डोक्याकडून आत घ्यायचा आणि अख्खा गिळायचा. दळण्याचे काम पुढे अनेक कप्प्यांच्या जठरात उरकते. आपल्यासारखे दुधाचे दात पडून नवे येणे हाही प्रकार नाही. जन्मानंतर काही काळाने हिरडीतून जो दात वर येतो तोच आयुष्यभर वापरायचा असतो.

गोव्याच्या किनाऱ्याजवळ नेहमी दिसणाऱ्या दोन जाती वेगळ्या करण्यास दातच सर्वांत उपयोगी पडतात. सिकेरी, आग्वाद किंवा पाळोळे येथे होडीतून जे डॉल्फिन दाखवले जातात ते बहुधा पाठीवर कुबड असलेले, राखी रंगाचे हम्पबॅक डॉल्फिन असतात. दुसरा प्राणी म्हणजे डॉल्फिनचा नातलग, पाठीवर पंख नसलेला छोटा पॉरपॉईस असून तो लाजाळू असल्यामुळे पर्यटकांना क्वचितच दिसतो. हम्पबॅक डॉल्फिनची चोच लांब व अरुंद असते आणि जबड्याच्या प्रत्येक ओळीत तीसहून अधिक शंकूच्या आकाराचे दात असतात. पॉरपॉईसची चोच आखूड व रुंद असते, त्याच्या एका ओळीत साधारण पंधरा ते बावीस दात असतात आणि त्यांची टोके सुईसारखी नसून चिमुकल्या फावड्यांसारखी चपटी असतात. याशिवाय पॉरपॉईसच्या कवटीत नाकाच्या भोकांपुढे हाडाचे दोन ठळक उंचवटे असतात, जे डॉल्फिनमध्ये नसतात. वाळूत सापडणाऱ्या कवटीचे दात बहुधा गळून गेलेले असतात, कारण हिरडी कुजली की त्यांची पकड सुटते. अशा वेळी दातांऐवजी त्यांचे खळगे मोजावेत.

दात हाती लागला तर त्यात प्राण्याचे वयही लिहिलेले असते. दाताच्या आतल्या पोकळीत दंतद्रव्याचे थर सतत साचत जातात, त्यामुळे लहान पिल्लाचा दात जवळजवळ पोकळ असतो, तर म्हाताऱ्या प्राण्याचा भरीव. दाताचा पातळ काप काढून, आम्लाने त्यातील चुना काढून आणि रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की झाडाच्या वलयांसारखे थर दिसतात. सामान्यतः एका थरसमूहाचे एक वर्ष धरतात. हा हिशोब बरोबर आहे की नाही हे पडताळण्यासाठी बंदिवासातल्या डॉल्फिनना टेट्रासायक्लिन हे औषध ठरावीक दिवशी देण्यात आले, कारण ते दातात साचते आणि अतिनील प्रकाशात चमकते. त्या चमकत्या रेषेनंतर किती थर वाढले हे मोजल्यावर हिशोबावर विश्वास बसला.

हे एकसारखे दात मुळातलेच आहेत असे मात्र नाही, आणि याची साक्ष एका फसलेल्या नावात आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात सापडलेल्या प्रचंड मणक्यांना अमेरिकी निसर्गशास्त्रज्ञ रिचर्ड हार्लन यांनी १८३४ मध्ये सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचे समजून ‘बॅसिलोसॉरस’, म्हणजे ‘सरड्यांचा राजा’, असे नाव दिले. १८३९ मध्ये लंडनला ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्याचे दात तपासले, तेव्हा गालाकडच्या दातांना दोन-दोन मुळे असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. दोन मुळांचा दात सरपटणाऱ्या प्राण्याला नसतो. हा तर प्राचीन देवमासा होता. त्याचे पुढचे दात सुळ्यांसारखे आणि मागचे त्रिकोणी, करवतीच्या कडांचे होते, म्हणजे कामाची वाटणी अद्याप शाबूत होती. ओवेन यांनी नवे नाव सुचवले, पण प्राण्यांच्या नामकरणात पहिल्या नावाचा मान राखायचा असा दंडक असल्यामुळे देवमासा आजही सरड्यांचा राजाच म्हणवून घेतो.

त्याहूनही जुने दुवे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, कच्छमध्ये आहेत. हरुडी गावाच्या परिसरातल्या चार कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या खडकांतून अशोक साहनी आणि विजयप्रकाश मिश्रा या जीवाश्मशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये प्राचीन देवमाशांचे अवशेष वर्णिले. लांबट तोंडाचा रेमिंगटनोसीटस त्यांपैकीच. जम्मूतील कालाकोट येथे सापडलेला इंडोहायस हा तर पायांवर चालणारा, मांजराएवढा खूरधारी प्राणी होता. २००७ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ हान्स थेविसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची कर्णास्थी पाहिली आणि तिच्या आतल्या कडेला जो जाड ओठ दिसतो तो देवमाशांच्या कुळाची खूण म्हणून ओळखला जातो, हे दाखवून दिले. देह अजून पायांवर चालणाऱ्या प्राण्याचा असताना कानाचा एक छोटासा भाग देवमाशाच्या वाटेला लागलेला होता.

दातांची साधी पंगत एकदा मांडली गेल्यावर काही जातींनी तीही मोडली. स्पर्म व्हेलच्या खालच्या जबड्यात मोठाले दात असतात, पण वरचे सहसा हिरडीबाहेर येतच नाहीत. तो माकुल (स्क्विड) तोंडात ओढून घेतो, त्यामुळे दात नसले तरी त्याचे अडत नाही. चोच असलेल्या काही देवमाशांत फक्त नराच्या खालच्या जबड्यात एक जोडी उगवते आणि ती खाण्यासाठी नसून आपसांत भांडण्यासाठी असते. उत्तर ध्रुवाकडच्या नारव्हालचे ते प्रसिद्ध शिंग म्हणजे वरच्या ओठातून बाहेर आलेला, पीळ पडलेला डावा दात होय. निळा देवमासा किंवा ब्राईड्स व्हेल यांना तर दातच नाहीत. त्यांच्या वरच्या जबड्यातून आपल्या नखांच्याच द्रव्याच्या शेकडो पट्ट्या कंगव्यासारख्या लोंबतात आणि त्यांतून पाणी गाळले जाते. मात्र १८०७ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ एत्येन जॉफ्रॉय सेंत-इलेर यांना अशाच देवमाशाच्या गर्भात दातांचे कोंब आढळले. ते जन्माआधी विरघळून जातात. दाताचे कवच घडवणारी जनुकेही या प्राण्यांत आहेत, पण ती मोडलेल्या अवस्थेत. त्यांच्या कवटीत हाडांचे सरकणेही निराळे आहे: मानेकडचे हाड फार पुढे येते, वरच्या जबड्याच्या हाडाचा भाग कपाळाच्या हाडाखाली शिरतो आणि श्वासरंध्रे दोन राहतात.

सील आणि वॉलरस आपल्या पाण्यात नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी इतकेच की त्यांची वंशावळ कुत्र्या-अस्वलांशी जुळते आणि त्यांच्या तोंडात सुळे अजून वेगळे ओळखू येतात. वॉलरसचे लांब दात हे त्याचे वरचे सुळेच. डुगॉन्ग मात्र भारतात कच्छचे आखात, तामिळनाडूचा किनारा आणि अंदमान-निकोबार येथे आढळतो, आणि डॉल्फिनच्या कवटीशेजारी त्याची कवटी ठेवली तर दोन्ही प्राणी समुद्रातच राहतात यावर विश्वास बसत नाही. तो हत्तीचा दूरचा नातलग असून समुद्रतळावरचे गवत चरतो. त्याच्या वरच्या जबड्याचा पुढचा भाग सोंडेसारखा खाली वाकलेला असतो, प्रौढ नराचे पटाशीचे दात हस्तिदंताप्रमाणे थोडे बाहेर येतात आणि मागे खुंट्यांसारख्या, कवच नसलेल्या दाढा असतात. त्याचे नाक वर सरकले असले तरी त्याने ते ध्वनियंत्राला दिलेले नाही, म्हणून त्याची कवटी डावी-उजवी सारखी असते. गवत पळून जात नसल्यामुळे त्याचा माग काढण्यासाठी प्रतिध्वनीची गरज भासत नाही.

किनाऱ्यावर अशी कवटी सापडली तर ती घरी नेण्याचा मोह टाळला पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात डॉल्फिन आणि देवमाशांचा समावेश आहे आणि त्यांचे हाड किंवा दात परवानगीशिवाय बाळगणे हा गुन्हा ठरतो. जीवरक्षकांना किंवा वनखात्याला कळवावे आणि दरम्यान जागेवरच छायाचित्रे घ्यावीत: वरून, बाजूने, मागून आणि खालून, शेजारी मापासाठी एखादे नाणे ठेवून. लोक बहुतेक वेळा वरून आणि बाजूने छायाचित्र घेऊन थांबतात, पण दातांचे खळगे आणि कर्णास्थीची रिकामी जागा खालूनच दिसते. जवळपासच्या वाळूत कवडीएवढा जड, काळपट खडा दिसला तर त्याचेही एक छायाचित्र घ्यावे.